खाऱ्या पाण्याच्या काकू

माझं शोभेच्या माशांचं आणि काचेच्या टाक्यांचं दुकान आहे. त्या दुकानात काकू पहिल्यांदा आल्या, तेव्हा त्यांना निवृत्त होऊन आठवडाही झाला नव्हता. एकतीस वर्षं त्यांनी रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत लोकांचं रक्त तपासलं होतं. चष्मा कपाळावर, खांद्याला पिशवी, आणि आल्या आल्या फर्मान, "गोड्या पाण्यातले नकोत. काहीतरी अवघड दाखवा."

मी त्यांना खाऱ्या पाण्याची टाकी दाखवली, आणि इमानदारीत बजावलंही, "काकू, ही विकतची डोकेदुखी आहे. रोज तपासणी, रोज नोंद. एक आकडा चुकला की मासे गेले."

"तेच तर हवंय," त्या म्हणाल्या. "घरात रिकामी बसले तर यांचे कपडे सूक्ष्मदर्शकाखाली धरीन मी."

'हे' म्हणजे काका. छापखान्यात मुद्रितं तपासण्यात त्यांची हयात गेली होती. शांत माणूस. टाकी घरात आली त्या दिवशी खुर्ची जरा बाजूला सरकवून ते पुन्हा वर्तमानपत्रात शिरले. माशांशी त्यांचा संबंध तेवढाच.

दोन वर्षांत काकू माझ्या पुढे गेल्या. दर रविवारी टाकीतलं पाचवा हिस्सा पाणी काढायचं आणि मागच्या गॅलरीतल्या पिंपात आदल्या दिवशी कालवून ठेवलेलं खारं पाणी घालायचं, हा त्यांचा नेम. वहीत तारीख, तापमान, मिठाचा आकडा, सगळं टपोऱ्या अक्षरात. माझ्या गिऱ्हाइकांचे मासे मरायला लागले की मीच त्यांना काकूंचा नंबर द्यायचो. काकू फोनवर त्यांची अशी उलटतपासणी घ्यायच्या की लोक मला येऊन म्हणायचे, "उत्तर बरोबर दिलं त्यांनी, पण घाम फोडला हो."

टाकीत पाच मासे होते. केशरी पट्टेवाल्यांची जोडी, एक निळा, एक वाळूत लपून राहणारा, आणि एक मोठा पिवळा. पिवळ्याला त्या 'साहेब' म्हणायच्या. मोठे डॉक्टर वॉर्डात फेरी मारतात तसा तो सकाळी सगळ्या टाकीतून फिरून यायचा, आणि बाकीचे वाट सोडायचे.

आठ वर्षं हे असं चाललं. मग एका सोमवारी दुपारी काकांचा फोन आला. आठ वर्षांत पहिल्यांदाच.

"जरा येता का? मासे कसेतरीच करताहेत. आणि ती नुसती उभी आहे."

मासे कसेतरीच करताहेत हे मी समजू शकत होतो. पण काकू नुसत्या उभ्या? मी शटर ओढलं आणि निघालो.

गेलो तर साहेब तळाशी एका कुशीवर पडला होता. कल्ले भराभर हलत होते. जोडी वर येऊन तोंड उघडत होती. निळा दगडाआडून बाहेर यायला तयार नव्हता, वाळूतला तर दिसतच नव्हता. काकू काचेवर तळहात टेकवून उभ्या होत्या.

अशा वेळी मी एका क्रमानं जातो. आधी पंप. चालू होता. तापमान ठीक. हवेची जास्तीची नळी सोडली. घरात काही फवारलंत का, रंग दिलात का, हाताला मलम लावून पाण्यात हात घातला का, असं सगळं विचारलं. काका प्रत्येक वेळी मान हलवून नाही म्हणत होते. विषारी अमोनियाची तपासणी केली, तीही साफ निघाली. मग मीठ मोजायचा मीटर काढला. दोन थेंब काचेवर टाकून डोळ्याला लावायचा, रेघ पस्तिसावर दिसायला हवी.

ती अठ्ठेचाळिसावर होती.

मला वाटलं मीटर बिघडला. शुद्ध पाणी घालून पाहिलं, बरोबर शून्य. पुन्हा टाकीचं पाणी, पुन्हा अठ्ठेचाळीस. गॅलरीत गेलो, पिंपाच्या तळाशी उरलेलं पाणी मोजलं. सत्तर. म्हणजे बरोबर दुप्पट. कुणीतरी पिंपात मीठ घातलं होतं, आणि घातल्याचं विसरून पुन्हा घातलं होतं.

टाकीशेजारी वही होती. रविवारच्या रकान्यात लिहिलं होतं, 'पाणी बदललं.' खाली सोमवार, 'पाणी बदललं.' मिठाच्या आकड्याची जागा तीन आठवडे कोरी.

मी वही मिटली आणि तोंडाला येईल ते बोललो. "काकू, चूक माझी आहे. या वेळी मी दिलेली मिठाची गोणी जरा जास्तच कडक आली. दोन-तीन ठिकाणांहून तक्रार आहे."

काकूंनी हात पुढे केला. "मीटर द्या."

त्यांनी टाकीचं पाणी पाहिलं. गॅलरीत जाऊन पिंपाचं पाहिलं. परत येऊन वही उघडली, आणि त्या दोन ओळींवरून बोट फिरवलं.

"गोणीला काही झालेलं नाही," त्या म्हणाल्या. "दोन्ही अक्षरं माझीच आहेत." मग काकांकडे वळून, "काल मी पाणी बदललं होतं?"

काका वर्तमानपत्राची घडी घालायला लागले.

"अहो, मी काय विचारतेय?"

"बदललं होतंस."

"मग आज सकाळी परत बदलत होते तेव्हा बोलला का नाहीत?"

"मला वाटलं, तुझं काहीतरी असेल. तुझ्या कामात मी काय बोलायचं?"

"खरं सांगा."

काकांनी चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकानं पुसत राहिले. आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुकांवर लाल खूण करणारा माणूस तो. "तुझा चेहरा पडतो," ते म्हणाले. "मागे किल्ली विसरलीस त्यावरून बोललो होतो, तेव्हा दिवसभर तू जेवली नाहीस."

"आणखी काय काय आहे?"

"काही नाही."

"आणखी काय?"

"जेवण," काका म्हणाले. "गेले दोनेक महिने."

"खारट?"

"रोज नाही. अधूनमधून."

"आणि तुम्ही खात राहिलात."

"पाणी जास्त प्यायचो."

मी टाकीकडे तोंड केलं. त्या दोघांकडे बघण्याची माझी छाती नव्हती.

काकूच पहिल्या सावरल्या. "एकदम गोडं पाणी घालू नका," त्या मला म्हणाल्या, "धक्का बसेल. दर अर्ध्या तासाला एक बादली. मी वेळ बघते." आणि खरंच घड्याळ समोर ठेवून बसल्या. मी खारं पाणी काढायचो, साधं घालायचो, त्या आकडा वाचायच्या, काका लिहून घ्यायचे. सत्तेचाळीस. सेहेचाळीस. पाचच्या सुमाराला साहेबाचे कल्ले थांबले. काकूंनी बाही वर करून त्याला स्वतःच्या हातानं बाहेर काढलं आणि ओंजळीत धरून बसल्या. कितीतरी वेळ. पाणी कोपरावरून मांडीवर गळत होतं.

"सकाळी बिचारा वर येऊन सांगत होता," त्या म्हणाल्या, "आणि मी विचार करत होते की याला काय झालंय."

जोडीतला एक दुसऱ्या दिवशी गेला. निळा, वाळूतला आणि उरलेला केशरी वाचले.

पुढच्या आठवड्यात काकू आपण होऊन डॉक्टरांकडे गेल्या. तपासण्या झाल्या, डोक्याचा स्कॅन काढला, आणि जे निघेल असं त्यांना वाटत होतं तेच निघालं. ते सांगायला त्या एकट्या दुकानात आल्या. शब्दही डॉक्टरांचाच वापरला, स्मृतिभ्रंश. दुसऱ्या कुणाचा तरी रिपोर्ट वाचून दाखवावा तसा.

"टाकी घेऊन जा," त्या म्हणाल्या. "मला कळतंय तोवर न्या. नंतर मी देणार नाही, भांडेन तुमच्याशी."

"काकू, मी दर आठवड्याला येतो ना. पाणी मी बदलतो. टाकी राहू दे."

"तुम्ही गेलात की मी परत बदलीन."



टाकी दुकानात आणली त्या दिवशी त्यांनी मासे स्वतः पिशव्यांत भरले. खोलीत भिंतीवर जिथं टाकी होती तिथं फिकट चौकोन उरला होता. त्या चौकोनाकडे बघत त्यांनी मला विचारलं, "इथं काय होतं?" आणि लगेच कपाळावर हात मारून हसल्या. "थट्टा केली. घाबरलात ना?" काका हसले नाहीत.

याला आता तीन वर्षं होत आली. टाकी दुकानात आतल्या बाजूला आहे, विकायला नाही. काकू पुन्हा दुकानात आल्या नाहीत. काका मात्र दर गुरुवारी यायला लागले. त्यांची भाची तासभर काकूंजवळ बसते, तेवढ्यात. सुरुवातीला मला नवल वाटलं. आठ वर्षं त्यांनी टाकीकडे धड पाहिलं नव्हतं.

"ती विचारते, मासे कसे आहेत," त्यांनी एकदा सांगितलं. "मी बरे आहेत म्हणतो. पण ती पुढचं विचारते. निळा जेवतो का, वाळूतला बाहेर येतो का. आता खोटं बोलायचं नाही असं आमचं ठरलंय. म्हणून बघून जातो."

मग मी त्यांना दाखवत गेलो. कोण कुठं बसतो, कोण कोणावर धावून जातो. ते घरी जाऊन जसंच्या तसं सांगायचे.

मागच्या गुरुवारी ते आले तेव्हा दुकानात गर्दी होती. गिऱ्हाइकं जाईपर्यंत दारातच थांबले. मग आत येऊन म्हणाले, "हल्ली ती विचारत नाही."

त्यांनी हातातली पिशवी खाली ठेवली आणि टाकीसमोर स्टूल ओढून घेतलं.