फुलाबाईची सही

मंगळवेढ्याकडच्या फुलाबाईचा उभा जन्म मेंढरांमागं गेला. लांडग्याच्या अंगावर ती काठी घेऊन धावली होती, पण इंग्रजी कागद पाहिला की ती मागं सरायची. आणि तसलाच एक कागद सोलापुरात, सात रस्ता चौकाजवळच्या नर्सिंग कॉलेजात, कारकुनानं पालकाच्या सहीसाठी तिच्यापुढं सरकवला.

लेक पूनम तिथं दुसऱ्या वर्षाला होती. नवरा वारल्यापासून घरात शब्द चालायचा तो दिराचा, धुळाप्पाचा. त्यानं पूनमचं लग्न परस्पर ठरवलं आणि तिचं नाव कॉलेजातून काढायला वहिनीला एसटीत बसवून आणलं.

"काय लिवलंय ह्यात?" फुलाबाईनं लेकीला विचारलं.

रडून रडून पूनमचा आवाज बसला होता. "मी माज्या मनानं कॉलेज सोडते. कुणी मला कंपेल केलं न्हाय."

"कंपेल म्हंजी?"

"नको असताना करायला लावणं. दुसऱ्यानं जोर केला, दुसरी वाटच ठेवली न्हाय, की तितं हा शब्द वापरत्यात."

मेंढी पोरकं कोकरू जवळ घेत नाही, तेव्हा तिचा पाय खुंटीला बांधून ते पाजतात. फुलाबाईनं स्वतः कितीदा बांधला होता. "मेंढीला बांधून पाजतो, तसं?"

"व्हय, आये."

"वैनी, सही करा की. गाडी चुकंल," धुळाप्पा गुरकावला.

चौदाव्या वर्षी फुलाबाईला बोहल्यावर चढवलं, तेव्हाही पोरगी खुशीत आहे असंच सगळे म्हणाले होते. तिला कुणी विचारलं नव्हतं. तो राग तीस वर्षं पोटात होता, आज तो वर आला, आणि बरं झालं आला.

"ही लबाडी हाय," ती कारकुनाला म्हणाली. "चुलत्यानं पोरीवर जोर केला, आसं लिवा. तेच्याखाली भावजी सही करतील, मग मी करते."

"आसं कोण लिवून देतं व्हय?" धुळाप्पाचा चेहरा उतरला.

"मग ऱ्हाऊ द्या."

कारकुनानं पेनाला टोपण लावलं.

"लई शेफारलाय, वैनी."

"मेंढीला बी दोन दिसांत सोडतो, भावजी. मी तीस वर्सं खुंटीला हाय."

तिनं कागदाची घडी करून कमरेला खोचली. "पूनम, तास चुकतोय तुजा. जा."

पूनम वर्गात गेली. धुळाप्पा स्टँडवर निघून गेला. फुलाबाई मात्र तास सुटेपर्यंत वर्गाच्या दारातच बसून राहिली.