रिकाम्या जागेचा तास

अमीनसाहेब गेल्याची बातमी मला दिंद्रुडच्या बाजारात कळली. त्यांच्या शेजारचा बागवान पेरू तोलता तोलता म्हणाला, "तुमचे तस्वीरवाले मास्तर गेले की सकाळी. खुर्चीत बसल्या बसल्या. मीच उचललं त्यास्नी." कसे गेले, दुखत होतं का, हे विचारायचं सोडून माझ्या तोंडून निघालं, "हात कुठं होता त्यांचा?" बागवान माझ्याकडे बघतच राहिला. "खुर्चीच्या डाव्या हातावर... ती सुतळी बांधलीय न्हवं का, तिच्यावर." पेरू तिथंच राहिले आणि मी घरी आलो.

सरकारी मदरशात, म्हणजे शाळेत, आम्ही दोघं बरोबरच लागलो; वयानं ते माझ्याहून बरेच मोठे. ते चित्रकला शिकवत आणि मी हिशेब. त्या काळी चित्रांसाठी हैदराबादहून नमुन्यांचं छापील पुस्तक यायचं. सुरई, शंकू, विलायती गुलाब. पोरं वर्षभर ती सुरई गिरवायची आणि वर्षाच्या शेवटी ती सुरई मडक्यापेक्षाही वाकडी यायची. अमीनसाहेबांना याचा भारी संताप. "ज्या सुरईतून ह्यांच्या घरात कुणी पाणी प्यालं न्हाई, ती कावून काढायची ह्यांनी?" असं ते मलाच दरडावून विचारायचे, जणू पुस्तक मीच छापलं होतं.

मग काय काढायचं, यावर त्यांनी उन्हाळाभर डोकं खाल्लं, स्वतःचं आणि माझंही. जिवंत माणसाचं चित्र काढलं की त्याचं आयुष्य घटतं, अशी गावात समजूत होती, त्यामुळे माणूस काढणं शक्य नव्हतं. शेवटी त्यांनी ठरवलं, माणसाची जागा काढायची. घरात कुणीतरी रोज जिथं बसतं ती जागा, त्या माणसाशिवाय, आणि समोर न बघता, आठवून. "जागा नीट काढली ना, तर माणूस आपोआप दिसतो," ते म्हणायचे. आणि खरंच दिसायचा. निवृत्ती नावाच्या पोरानं आजोबांची घोंगडी काढली होती, ओट्यावर पसरलेली, मधे बसून बसून पडलेला खोलगा. कागद हातात घेतला तर म्हातारा आत्ताच उठून गेलाय असं वाटायचं. इतकं चांगलं चित्र मी त्या शाळेत पाहिलं नव्हतं.

पुढच्याच आठवड्यात निवृत्तीचे आजोबा गेले. म्हातारे होते, गेले. पण मग ज्या पोरानं आईची जात्याशेजारची जागा काढली होती त्याची आई तापानं गेली. तेव्हा गावाला ताप कुठं नव्हता? घरोघर होता. मी हे सगळ्यांना समजावून सांगत होतो, आणि सांगताना माझाच आवाज मला पोकळ लागत होता.

एका सकाळी आप्पा पाटील चार माणसं घेऊन वर्गाच्या दारात उभे राहिले. "मास्तर, ह्ये काय चालवलंय तुमी? पोरं जागा रिकामी काढत्यात, अन् जागा खरंच रिकाम्या पडत्यात." सदर मास्तरांनी, म्हणजे हेडमास्तरांनी, तर नमुन्यांचं पुस्तक झटकून टेबलावर ठेवलंही होतं. अमीनसाहेबांचा चेहरा मी कधी एवढा पडलेला पाहिला नव्हता. पण ते म्हणाले, "पाटील, आज पोरं माजी खुर्ची काढतील. मी सालभर जगलो तर तास चालू राहील. न्हाई तर पुस्तक हायच."

खुर्ची बाहेर नेली. पोरांनी आठवून काढली. सगळ्यांची चांगली आली, फक्त निवृत्तीनं खुर्चीच्या डाव्या हाताला सुतळी गुंडाळलेली दाखवली. खुर्ची तर धडधाकट होती. "सुतळी कुठं दिसली रे तुला?" मी विचारलं. "दिसली," एवढंच म्हणाला. अमीनसाहेब हसले आणि ते चित्र त्यांनी घरी खुर्चीच्या मागच्या भिंतीवर लावलं.

साल गेलं, आणखी कितीतरी सालं गेली. तास चालू राहिला. पेन्शन झाली तेव्हा शाळेनं त्यांना ती खुर्ची देऊन टाकली. यंदा थंडीच्या सुरुवातीला मी भेटायला गेलो, तर ते खाली बसून खुर्चीला सुतळी गुंडाळत होते. खुर्चीचा डावा हात सांध्यातून निखळला होता. मी मागच्या भिंतीवरच्या चित्राकडे पाहिलं. "अहो, सुताराला बोलवा ना!" मी ओरडलोच. त्यांनी मान वर केली नाही. "कशाला? पोरानं एवढं बरोबर काढलंय." गाठ मारून ते खुर्चीत बसले, आणि माझ्याकडे बघून असे हसले की मला चहा गोड लागेना.

ती आमची शेवटची भेट.

त्यांची पेन्शन झाल्यापासून तो तास माझ्याकडे आहे. माणूस हवा म्हणून मला दिला, एवढंच. आता गावात पुन्हा तेच सुरू झालंय. सुतळीची गोष्ट बागवानाकडून घरोघर पोचली आणि तीन पोरांच्या बापांनी मला रस्त्यात अडवलं. पुस्तक कपाटातून काढून टेबलावर ठेवलेलं आहे. पोरं मात्र विचारतात, "मास्तर, आता कुनाची जागा काढायची?" अमीनसाहेब खूप आठवतात अशा वेळी. रागच येतो त्यांचा.

त्यांच्या मुलानं ती खुर्ची शाळेला परत दिली. वर्गात कोपऱ्यात ठेवली आहे, सुतळीसकट. तिच्यावर कुणी बसत नाही, पण सफाईवाला तिच्यापुढून जाताना थोडा वळसा घालून जातो, बसलेल्या कुणाचे पाय आडवे असावेत तसा. मीही घालतो.

काल मी पोरांना सांगून टाकलं, सोमवारी माझी खुर्ची काढायची. तेव्हापासून मी तिच्याकडे बघतोय. तिच्या उजव्या हाताशी एक खिळा किंचित वर आलाय. हातोडी आणून ठेवली आहे, पण अजून ठोकला नाही.