शब्बेबरातीआधीची माफी

मणेर मामी वर्षातून एकदा बांगड्यांची पाटी घरी ठेवून आमच्या जोयडा गावात यायची. त्या दिवशी ती दारोदार फिरे आणि प्रत्येक बाईसमोर हात जोडून म्हणे, "सालभरात माझ्याकडनं काय चुकलंमाकलं असंल तर दिलातनं काढून टाक गं बाई."

तो शब्बेबरातीचा दिवस असे. मामी बाजारकुणंग गावची. संध्याकाळी तिथले पुरुष कबरस्तानात जाऊन आपल्या मेलेल्या माणसांसाठी दुवा मागत. मामी हलवा वाटून झाला की घरातच चटईवर बसे, ती पहाटेपर्यंत. पण कुणाचं मन आपण दुखवलेलं असेल तर आपली दुवा वर पोचत नाही, असं ती मानी. म्हणून आधी ही फेरी.

बायका तिची थट्टा करत. एकदा पाटलीणबाई म्हणाल्या, "तुझ्या बांगड्या दोन दिसांत फुटल्या. त्याची माफी न्हाई!"

"काच चांगलीच हाय," मामी म्हणाली. "नवऱ्यावर हात आपटत जाऊ नको."

मी तेव्हा बेळगावहून सुधारणेची पत्रकं वाचून आलो होतो. दैव, नशीब, ललाटलेख हे सगळं मोडून काढायला निघालेला. पण या फेरीचं मला मोठं कुतूहल. मी तिला अडवलं, "या रात्री पुढच्या वर्षाचं सगळं लिहिलं जातं म्हणता. मग दुवा मागून उपयोग काय?"

"लिवायच्या आदीच सांगाय पायजे न्हवं? लिवल्यावर कोन पुसतंय?" ती म्हणाली आणि पुढच्या दाराकडे वळली.

मग ते वर्ष आलं. माझी थोरली बहीण, अक्का, माहेरी आली होती. मामीने सकाळी तिला ओसरीवर बसवून हिरव्या बांगड्या भरल्या. दुपारी अणशीकडून माणूस आला. घाटात लाकूडतोडीला गेलेले दाजी दोन दिवसांपूर्वीच तापाने गेले होते. त्यांना तिथेच अग्नी दिला होता. त्या बांगड्या त्याच दिवशी फोडल्या गेल्या, आणि मामीचा हात अपशकुनी ठरला. गावात तिला कुणी दारात उभं करीना.

तरी शब्बेबरातीला ती आली. आई उंबऱ्यात आडवी उभी राहिली. "आता आनिक काय करायचं ऱ्हायलंय तुझं?"

मी उसळलो. "आई, दाजी तर आधीच गेले होते! यात मामीचा काय गुन्हा? मामी, तुम्ही माफी मागायचीच नाही!"

"गुन्हा न्हाई ते मलाबी कळतंय, बाबा," मामी म्हणाली. "पन दुखलं कुनाला? तुला का तुझ्या भनीला? तिलाच इचारू दे. ती न्हाई म्हनली तर आज मी कुठल्या तोंडानं दुव्याला बसू?"

अक्का आईच्या मागून पुढे आली. इतक्या दिवसांत ती ओसरीवर आली नव्हती.

"मामी, त्या दिशी बांगड्या भरताना तू मला किती हसवलंस," ती म्हणाली. "त्या हसन्याची माफी कसली मागतीस?"

"तसं न्हवं. तोंडानं म्हन."

"केलं माफ."

मामीने पदराने डोळे पुसले. ती निघणार तोच अक्काने विचारलं, "गेलेल्या मानसांसाठी तुमी आज मागता न्हवं? ह्यांच्यासाठी मागशील? तिकडं शेवटी त्यांच्याजवळ कोन होतं, त्ये बी आमाला ठावं न्हाई."

"व्हय गं. नाव काय सांगू?"

नवऱ्याचं नाव आमच्याकडे बाई घेत नाही. उखाण्याबाहेर अक्काच्या तोंडून ते कधी ऐकलं नव्हतं. तिने माझ्याकडे पाहिलं. मी सांगायला तोंड उघडलं, पण तिने हात वर करून मला थांबवलं.

"यशवंत," अक्का म्हणाली. मग आईकडे बघत, जरा मोठ्याने, "यशवंत."

आई उंबऱ्यातून बाजूला झाली. मामी ते नाव विसरू नये म्हणून पुटपुटत पायवाट उतरू लागली, आणि ती दिसेनाशी होईपर्यंत अक्का ओसरीवरच उभी होती.