काहिलीतली खीर

आधी तो थंड पाण्याच्या वाडग्यात बोटं बुडवायचा. मग तीच ओली बोटं गुळाच्या उकळत्या काहिलीत घालून चिमूटभर पाक उचलायचा, पुन्हा पाण्यात धरायचा, त्याची गोळी वळायचा आणि काहिलीच्या काठावर आपटून कान द्यायचा. उसाचा मालक, त्याची पोरं, बघे, सगळ्यांचे डोळे त्याच्या तोंडाकडे लागलेले असत. तो गोळी तोंडात टाकायचा आणि म्हणायचा, "आजून न्हाई."

मग कोणाची बिशाद होती काहील उतरवायची!

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. नावावर गुंठाभर जमीन नाही, पण मोठमोठे बागाईतदार त्यांच्यापुढे शाळेतल्या पोरासारखे गप्प उभे. गूळ करणारा आमचा गुळव्या त्यातला. शिराळ्याच्या अंगाला त्याचं घर. मार्गशीर्षात तो आमच्या गावात यायचा आणि होळीच्या आसपास परत जायचा. गाव वाळवे तालुक्यात, आष्ट्यापासून बैलगाडीनं सकाळभराच्या वाटेवर. मी तिथे शाळामास्तर होतो. त्याचं नाव मी इथे लिहीत नाही. गावानं ते एकदा वापरून घेतलं आहे, तेवढं पुरे झालं.

गुऱ्हाळ पाटलांच्या मळ्यात होतं आणि पाटलांना घाई फार. एकदा ते काहिलीपाशी येऊन सारखे म्हणू लागले, "झाला की रं आता, उतरीव की." गुळव्यानं हातातलं ढवळायचं फावडं त्यांच्यापुढे धरलं. "घ्या पाटील, तुमीच उतरवा. काकवी झाली तर बोटानं चाटू सगळी मिळून." लोक हसले. पाटीलही हसले, कारण हसण्यावाचून इलाज नव्हता.

गुऱ्हाळाचा एक रिवाज आहे. तिथे आलेल्या माणसाला रस दिल्याशिवाय परत लावत नाहीत. वाटसरू असो, भिकारी असो, तांब्या भरून रस मिळायचाच. आमच्या गावाला या रिवाजाचा मोठा अभिमान होता. फक्त काहिलीखालच्या चुलवाणात उसाची चिपाडं लोटणारा म्हातारा महारवाड्यातला होता, त्याला मात्र रस वरून ओतायचे. दिवसभर जाळापुढे भाजलेल्या त्या माणसानं ओंजळ तोंडाला लावून खाली वाकायचं आणि चार हातांवरून कोणीतरी धार धरायची. अर्धा रस मातीत जायचा. रोज बघत होतो. मला त्यात काही वावगं दिसलं नव्हतं, कारण माझ्या शाळेतही महारवाड्यातली पोरं ओट्याखालीच बसत होती.

गुळव्याला दिसलं. एकदा तो मला म्हणाला, "मास्तर, ह्या म्हाताऱ्याचा जाळ गावाला चालतो. जाळावरचा गूळ चालतो. त्यो द्येवाला सुद्दा चालतो. मग हात का न्हाई चालत वं?"

मी माझ्या तांब्यातला रस संपवला आणि शाळेची वेळ झाली म्हणून निघालो.

लढाईचे दिवस होते. धान्य जपून वापरायचं, सणालाही गोडधोड बेतानं करायचं. हंगामाच्या शेवटच्या दिवशी मालकानं गुऱ्हाळावरच्या गड्यांना खीर घालायची, ही जुनी रीत. पण त्या वर्षी एकट्या मालकाच्या कणगीत तेवढी खपली नव्हती. खीर करायची तर खपलीचाच गहू लागतो, दुसऱ्या गव्हाचा चिखल होतो. तेव्हा गुळव्यानंच तोडगा काढला. दर घरानं ओंजळभर खपली द्यायची, गूळ गुऱ्हाळाचा, खीर काहिलीत शिजवायची आणि गावानं मिळून खायची. पाटलांना कल्पना आवडली. आपल्या मळ्यात गावजेवण होतंय म्हणजे नाव आपलंच.

गुळव्या स्वतः पोतं घेऊन दारोदार फिरला. बामणाच्या दोन घरांत गेला, मराठ्यांच्या वाड्यांत गेला, जैनाच्या दुकानी, मुलाण्याकडे, धनगरांच्या वस्तीवर गेला आणि महारवाड्यातही गेला. सगळ्यांची खपली एकाच पोत्यात पडली. बायकांनी ती ओलवून, कांडून, पाखडून दिली. शेवटच्या दिवशी पहाटेपासून काहील चुलवाणावर होती. सुंठ, वेलदोडा, खोबरं सगळं पडलं, आणि तो वास असा सुटला की पलीकडच्या मळ्यातली माणसं मोट सोडून बांधावर येऊन उभी राहिली.

दुपारी कोणीतरी पाटलांच्या कानाला लागलं. पाटील तणतणत आले.

"महारवाड्यातनं गहू आणला व्हतास?"

"आणला की. दर घरानं म्हणून ठरलं व्हतं."

"मंजे आमी त्येंचा गहू खायचा?"

गुळव्यानं काहिलीत फावडं फिरवलं. "बरं, काडून टाकतो. त्यातला कंचा दाना त्येंचा, तेवडं दावा."

पाटील तांबडेलाल झाले. गुळव्या शांतपणे पुढे म्हणाला, "आन् त्येंच्यात गहू पिकतो कुटं, पाटील? बलुत्याचा हाय त्यो. तुमच्याच खळ्यावरनं तुमीच घातल्याला. खळ्यावर चांगला व्हता, त्येंच्या मडक्यात वरीसभर ऱ्हायला तवर बाटला व्हय?"

बिनतोड बोलला. पण बिनतोड बोलण्यानं माणसं सुधारली असती तर आमच्या देशात संतांची एवढी फौज कशाला लागली असती? पाटलांनी जमलेल्या लोकांकडे नजर टाकली, मग माझ्याकडे वळून म्हणाले, "मास्तर, तुमी शिकल्याली मान्सं. तुमी सांगा. गहू पडला तर पडला. पंगत तर येगळी पायजे का नगो?"

सगळे माझ्याकडे बघू लागले. गुळव्याही बघत होता, आणि चुलवाणाच्या तोंडाशी बसलेला तो म्हाताराही. सकाळीच मी पोरांना फळ्यावर सुविचार लिहून दिला होता, 'सर्व माणसे समान आहेत.' अक्षर माझं चांगलं होतं. आणि मी म्हणालो, "रीतीप्रमाणे होऊ द्या. शुभ दिवशी तंटा नको."

आज हे लिहिताना मला पाटलांचा जेवढा राग येतो, त्याहून त्या सुवाच्य अक्षराच्या मास्तरचा जास्त येतो. पाटील निदान आपल्याला वाटत होतं ते बोलत होते.

विहिरीजवळ आंब्याखाली गावाची पंगत बसली. महारवाड्यातली माणसं चिपाडांच्या गंजीपलीकडे बसवली. त्यांना गाव उठल्यावर वाढायचं होतं. पत्रावळी मांडून झाल्या, द्रोणांतून पाणी भरलं. गुळव्यानं फावडं काहिलीवर आडवं ठेवलं आणि म्हणाला, "आजून न्हाई."

"शिजली की रं!"

"शिजली. पर मान्सं आजून बसली न्हाईत सगळी."

मग पाटलांनी आपल्या गड्यांना हुकूम केला आणि त्यांनी फावडं बाजूला सारून बादल्या भरल्या. गुळव्यानं हात आडवा घातला नाही. आपली पितळी घेतली, गंजीला वळसा घालून पलीकडे गेला आणि त्या म्हाताऱ्याशेजारी मांडी घालून बसला. रिकामी पितळी पुढ्यात ठेवून बसला. गाव जेवून उठेपर्यंत तो तसाच बसून होता.

खीर फार चांगली झाली होती. मी दोनदा वाढून घेतली. हे सांगायची लाज वाटते, पण सांगतो. गंजीपलीकडे गेली तेव्हा काहिलीच्या बुडाची, करपलेली उरली होती. गुळव्यानं ती खाल्ली आणि पितळी राखेनं घासून ठेवली.

संध्याकाळी गावात चर्चा झाली. गुळव्या त्यांच्या पंगतीत जेवला, आता त्याचा हात काहिलीला लागून चालायचा नाही. बघा, म्हणजे त्याच्या हातची खीर पोटात गेल्यावर, ढेकर देऊन झाल्यावर विटाळ आठवला! आधी आठवला असता तर खीर गेली असती ना.

पुढच्या मार्गशीर्षात दुसरा गुळव्या आणला. तो भला माणूस होता, पाटील म्हणतील तेव्हा काहील उतरवायचा. गूळ मऊ पडला, ढेपांना पाणी सुटलं. सांगलीच्या पेठेत दलालानं आमची ढेप फोडून बघितली आणि बाजूला ठेवली. तेव्हा गावाला जुना हात आठवला. निरोप न्यायचं काम माझ्याकडे आलं, कारण माझं तो ऐकतो अशी गावाची समजूत होती.

मी त्याच्या घरी गेलो तेव्हा तो अंगणात घोंगडीवर पडून होता. खोकल्यानं पार खंगला होता. तरी उठून बसला. त्याच्या बायकोनं चहा दिला. पाटलांचा निरोप ऐकून तो म्हणाला, "यीन की. पर शेवटच्या दिशी खीर, आन् पंगत येकच."

"मी गावाला सांगतो," मी म्हणालो.

"गावाचं ऱ्हाऊ द्या. मास्तर, तुमी कुटं बसनार?"

वाटेत अख्खा दिवस गेला होता. हा प्रश्न तो विचारणार हे मला ठाऊक होतं. तरीही मी म्हणालो, "बघू, गाव काय म्हणतंय ते."

त्यानं अंगठा आणि दोन बोटं हवेतच चोळली, गोळी वळावी तशी. माझ्या तोंडाकडे बघून हसला. "आजून न्हाई, मास्तर," म्हणाला. आणि बायकोला माझ्यासाठी काकवीची बरणी बांधून द्यायला सांगितली.

तो आला नाही. पुढच्या चैत्रात तो गेल्याचं कळलं.

स्वराज्य आल्यावर दुसऱ्या का तिसऱ्या वर्षी आमच्या गावात कोणी साहेब येणार असं ठरलं. ज्या गावांत सगळ्या जातींची एक पंगत बसते, ती गावं बघायला ते हिंडत होते. पाटलांनी लगेच काहील घासायला काढली. पुन्हा दारोदार खपली गोळा केली, या वेळी महारवाड्यातून सुद्धा, आणि ती हौसेनं! स्वागताचं भाषण मला लिहायला लावलं. त्यात गुळव्याचं नाव घालायचं, त्याच्या प्रेरणेनं आमच्या गावात पहिल्यापासून एकच पंगत बसते असं लिहायचं. मी लिहिलं. वाचलंही. साहेब एकाच पंगतीत बसले, दोन घास खाल्ले, टाळ्या झाल्या आणि मोटार आष्ट्याच्या रस्त्याला लागली.

धुरळा खाली बसायच्या आत पाटलांचा मुलगा पंगतीत फिरला. "चला, उटा. तुमी तिकडं."

महारवाड्यातली माणसं अर्ध्या जेवणावरून उठली. चुलवाणावरचा तो म्हातारा आता काठीवर चालत होता. भरलेली पत्रावळ सांभाळून नेता येईना, म्हणून त्यानं ती तिथेच ठेवली आणि रिकाम्या हातानं गंजीकडे निघाला. त्याच्या त्या पाठीकडे बघून माझ्या अंगाची लाही झाली. हातातलं भाषण मी चुलवाणात टाकलं आणि त्याच्या मागोमाग गेलो.

पाठीमागून पाटलांनी हाक मारली. "मास्तर! आवं मास्तर!" मी थांबलो नाही.

गंजीपलीकडे माणसं नव्यानं पानं मांडून बसत होती. म्हाताऱ्यानं मला वर खाली न्याहाळलं. "लय येळ लावला, मास्तर," एवढंच म्हणाला.

त्याच्या उजव्या हाताला एक रिकामी पत्रावळ मांडलेली होती. वाऱ्यानं उडू नये म्हणून तिच्यावर दगड ठेवला होता. मला वाटलं जागा मोकळी आहे, म्हणून मी तिथे बसायला वाकलो. म्हाताऱ्यानं काठी आडवी धरली.

"तितं नगं. तितं मानूस हाय."

मला गुळव्याची रिकामी पितळी आठवली. मी त्या पत्रावळीच्या पलीकडे जाऊन बसलो, आणि वाढायला कोणी येतंय का याची वाट बघू लागलो.