या डब्यात वार नाही

सुधीरचा फोन सकाळी सहा चाळीसला आला. "आई गेली गा पकाश. झोपेतच गेली. सुटली बिचारी... तसंही सहा महिन्यांपासून तिले काही समजत नव्हतं." सुधीर माझा आतेभाऊ, आणि गेली ती माझी सख्खी आत्या, कुसुमआत्या, वय एक्याऐंशी. त्याच्या चार वाक्यांपैकी पहिली दोन खरी होती. तिसऱ्याबद्दल मला शंका आहे. चौथं सरळ खोटं होतं, आणि तेरवीपर्यंत ते मी नातलगांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलं की शेवटी मोजणं सोडून दिलं. तेरवीच्या पंगतीत एकानं बुंदी वाढून घेता घेता सुनावलं, "म्हातारपणी डोकं आधी जाते, जीव मागून जाते." मी ताटावरून उठलो. आज दीड महिना झाला, राग उतरलेला नाही. त्यातला मोठा हिस्सा माझ्या स्वतःवरचा आहे, हे आधीच सांगतो. नाहीतर मी एकट्या सुधीरला धरतो आहे असं वाटेल.

आत्या सावनेरच्या शाळेत एकतीस वर्षं शिक्षिका होती. काचबिंदूनं सत्तरीच्या आतच दोन्ही डोळे नेले. आतोबा गेल्यावर ती हुडकेश्वरला सुधीरच्या फ्लॅटमध्ये राहायला आली, ती कपड्यांच्या दोन पिशव्या आणि एक रेडिओ घेऊन. रेडिओच्या बटणावर तिनं मेणाचा एक ठिपका टाकून घेतला होता. तो अंगठ्याखाली वरच्या बाजूला आला की सरकारी रेडिओचं केंद्र बरोबर लागायचं. रेडिओवाले दिवसभराच्या प्रसारणाचे तीन भाग करतात आणि प्रत्येकाला सभा म्हणतात. आत्याचा दिवसही तसाच तीन सभांचा होता. पहिल्या सभेतली भक्तिगीतं संपली की रक्तदाबाची गोळी, बातम्यांबरोबर चहा. दुसऱ्या सभेत महिलांचा कार्यक्रम संपला की जेवण. तिसऱ्या सभेत बाजारभाव आणि शेतीवरची चर्चा सुरू झाली की ती आतूनच सुनेला आवाज द्यायची, "दिवा लाव वं, संध्याकाळ झाली." वारही तिला रेडिओच सांगे. नाटिका लागली म्हणजे गुरुवार, लहान मुलं गोंगाट करू लागली म्हणजे रविवार. निवेदिकेनं वेळ सांगितली की आत्या दर वेळी मान हलवून म्हणायची, "बरं जी." घरी निरोप घेऊन आलेल्या माणसाला म्हणावं तसं.

ती सगळं ऐकायची. कांद्याची रोपं, गुडघेदुखी, संस्कृतातल्या बातम्या, नाट्यपदं, कुणाचं तरी पाणी जिरवण्यावरचं भाषण. ऐकता ऐकता वादही घालायची. वजन कमी करा असं सांगणाऱ्या एका डॉक्टरला तिनं सुनावलं होतं, "तूच आधी उठून चाल गा, बोलता बोलता दम लागून राहिला तुले!" सतार तिला अजिबात आवडायची नाही. सतार सुरू झाली की ती तुरीच्या शेंगा सोलायला घ्यायची आणि तोंड वाकडं करून बसायची. मी एकदा म्हणालो, "आत्या, आवडत नाही तर बंद कर ना." ती माझ्या दिशेनं वळली. "काहून? पाहुणा आवडत नाही म्हणून दार लावून घेते का आपण? बसन घटकाभर, जाईन आपल्या वाटेनं." मी हसलो. हे वाक्य मी तेव्हा विनोद म्हणून घरी सांगितलं, एवढंच.

तिच्या एक्याऐंशीव्या वाढदिवसाला मी तिला एक डबा आणला. जुन्या गाण्यांचा, बटण दाबलं की वाजणारा. माझं काम विजेच्या मीटरांची वाचनं तपासण्याचं. आकड्याशिवाय मला वस्तू आवडत नाही. मी तिला हिशेब समजावून सांगितला. गाणी पाच हजार, एक गाणं सरासरी चार मिनिटांचं, म्हणजे तेरा दिवस, एकवीस तास आणि वीस मिनिटं सलग ऐकलं तरी एकही गाणं परत येणार नाही. "आणि सगळी तुझ्या आवडीची, आत्या. भाषण नाही, सतार नाही." त्याच आठवड्यात घराला रंग लावायला घेतला होता. रेडिओ माळ्यावर गेला, 'तात्पुरता'. रंगाचं काम आठ दिवसांत संपलं. रेडिओ खाली आला नाही. आत्यानं तो मागितला. माझ्यासमोर दोनदा, माझ्यामागे किती वेळा ते सुधीरलाच माहीत. दोन्ही वेळा सुधीर म्हणाला, "काढतो ना आई. त्याची दिवसभर खरखर... हा डबा कसा साफ वाजते!" आणि मी मान डोलावली. डबा माझा होता ना.

महिन्याभरानं सुधीरनं मला बोलावलं. आत्या सारखी वेळ विचारते, म्हणाला. दुपारी अंथरूण घाला म्हणते, गोळी घेतली तरी परत मागते. मी गेलो आणि तिच्याजवळ एक तास बसलो. डब्यात प्रेमगीत चाललं होतं. "पकाश, किती वाजले?" मी सांगितलं. जरा वेळानं पुन्हा, "किती वाजले गा?" मी खिशातून कागद काढला आणि त्यावर प्रत्येक प्रश्नाला एक उभी काडी ओढली. एका तासात अकरा. मध्येच तिनं डब्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "याच्यात वार नाही गा." मी तेही लिहून घेतलं... 'असंबद्ध बोलणं' या मथळ्याखाली. मी तिच्यासमोर बसून लिहीत होतो आणि तिला ते दिसत नव्हतं, हे माझ्या हातून कसं झालं याचा मला अजूनही उलगडा होत नाही.

मेंदूच्या डॉक्टरांनी माझा कागद लक्षपूर्वक पाहिला. असे नातेवाईक हवेत, म्हणाले. मग आत्याला विचारलं, "आजी, आज वार कोणता? आता सकाळ आहे की संध्याकाळ?" ती म्हणाली, "तुमच्यापाशी घड्याळ असन जी, तुम्हीच सांगा." डॉक्टरांनी कागदावर काहीतरी खूण केली. त्यांचा दोष नाही. या बाईचं घड्याळ माळ्यावर आहे, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. गोळ्या सुरू झाल्या. आत्या दिवसाही झोपू लागली. वेळ विचारणं थांबलं. सुधीरनं मला फोन करून सांगितलं, गुण आला.

तेरवीची भांडी माळ्यावर ठेवायला मी शिडी चढलो, तेव्हा तिच्या जुन्या टॉवेलात गुंडाळलेला रेडिओ हाताला लागला. खाली उतरून सेल घातले, मेणाचा ठिपका वर आणला. तुरीचे भाव सांगत होते. घड्याळाकडे न बघता मला कळलं की संध्याकाळ झाली. मी सुधीरला म्हणालो, "तिला सगळं समजत होतं. दिवस आपण उचलून माळ्यावर टाकला होता." तो चिडला. "मले काय माहीत गा? डबा तूच आणला होता, काड्याही तूच ओढल्या!" दोन्ही खरं आहे.

दुसऱ्या दिवशी मी तिच्या दवाखान्याच्या फाइलमधून माझा कागद काढून घेतला. 'असंबद्ध बोलणं' ही ओळ खोडली. अकरा काड्यांखाली लिहिलं : त्या तासात रेडिओ बंद होता. नोंद पूर्ण करायला सात महिने लागले, आणि जिच्यासाठी करायची ती उरली नाही.

रेडिओ आता माझ्या घरी खिडकीत आहे, तो कागद त्याच्याखाली. मला शेती नाही, तरी कांद्याची रोपं ऐकतो. सतार लागली की बंद करत नाही. खरखर होते, होऊ दे. मधूनच निवेदिका वेळ सांगते आणि क्षणभर थांबते... "बरं जी" एवढंच म्हणायचं असतं. ते माझ्या तोंडून निघत नाही. तेवढा हक्क मी अकरा काड्या ओढून घालवला आहे.