मागच्याला इचार

आमच्या दूध संस्थेत संगणकाचं काम बघणाऱ्या सरांवर अन्याय झाला. कधी झाला तेही लिहून ठेवते: यंदाच्या पोळ्याच्या करीला, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी संस्था उघडताच. सर पायरीवर उभे होते. शिपायाने त्यांची छत्री आणि जेवणाचा डबा बाहेर आणून दिला. "सर, आत नका येऊ म्हणलेत साहेब," एवढंच बोलला आणि आत गेला.

कळमनुरीच्या बाजूचे असाल तर तुम्ही त्यांना पाहिलं असेल. उजवा अंगठा खांद्यावरून मागे दाखवत बोलायचे. "न्हाई ना तुझ्याकडं? मग मागच्याला इचार."

ही त्यांची लकब नव्हती, त्यांचा धंदा होता. संस्थेच्या जुनाट मशीनला ल्युआ नावाची एक हलकी प्रोग्रामिंगची भाषा तेवढी पेलायची. मोठ्या भाषांमध्ये क्लास असतात: आधी 'जनावर' असा साचा करायचा, त्यातून गाय, बैल, वासरू काढायचं, साच्यातलं सगळं त्यांना वारशाने मिळतं. ल्युआत हा साचाच नाही. मग सर वारसा जुळवून आणायचे. एक 'जनावर' तयार करून सगळ्यांच्या मागे उभं करायचं आणि पुढच्यांना सांगायचं, तुझ्याकडं उत्तर नसलं की त्याला विचार.

रविवारी ते गावातल्या पोरापोरींना हेच शिकवायचे, तेही उभं करून. पुढे 'बैल', मागे 'जनावर'.

"बैला, पाय किती?"

"मला न्हाई माहीत." अंगठा मागे.

"चार!" मागून आवाज.

"बैला, दूध किती देतो?"

"सर, त्याला काहून इचारता, त्याच्या आईला इचारा!" एक पोरगी ओरडली. सर इतके हसले की चष्मा काढून पुसावा लागला.

मी तिथे जायचे ती प्रिंटरसाठी. गावातल्या अन्यायावर मी लिहिते ती पत्रकं तिथेच छापून निघायची. मला बघितलं की म्हणायचे, "या पत्रकवाल्या ताई. आज कुणाची धुलाई?" नाव सांगितलं की प्रिंटरमध्ये कागद भरायचे. एकदाच म्हणाले, "ताई, शिव्या कमी करा. लोक शिव्या वाचतात अन् मुद्दा सोडतात." या वेळी त्यांचं ऐकते आहे. जमेल तेवढं.

पावसाळ्यात जनावरांवर लम्पीचा रोग आला. कोणत्या जनावराला लस टोचली हे स्क्रीनवर दिसावं म्हणून सरांनी प्रोग्राम लिहिला. प्रत्येक वस्तीचं एक 'जनावर' मागे, त्या वस्तीची खरी जनावरं पुढे. चूक इथे झाली. टोचल्याची नोंद ठेवायची रिकामी पेटी सरांनी मागच्या 'जनावरा'ला दिली. पुढच्या प्रत्येकाला स्वतःची पेटी द्यायला हवी होती, ती राहिली. एका गाईची नोंद करायला गेलं की तिच्याकडे पेटी नाही, म्हणून नोंद मागच्या पेटीत पडायची. मग वस्तीतल्या कुठल्याही जनावराला विचारा, तेही मागे बघणार आणि सांगणार: टोचलं.

गावात एका दमात सगळी जनावरं टोचून झाली, तिथे चूक कळलीच नाही. तांड्याची पाळी शेवटी. तिथे एका गाईला टोचलं आणि बर्फाच्या डब्यातल्या बाटल्या संपल्या. उद्या येतो म्हणून संस्थेचं लस टोचणारं पथक गेलं. दुसऱ्या दिवशी स्क्रीनवर अख्खा तांडा टोचलेला.

सरांचे वडील त्याच तांड्यावरचे. ते चालत संस्थेत आले. मी प्रिंटरपाशीच होते.

"साहेब, आमच्याकडं कुणी आलंच न्हाई."

"झालंय ना तुमचं. हे बघा स्क्रीन," सेक्रेटरी म्हणाले.

"मी स्क्रीन बघून राहिलो का जनावर? घरून येऊन राहिलो!"

"मग काय मशीन खोटं बोलतंय अन् तुमीच खरे?"

सर उठले. मशीनवर बसले. थोड्या वेळाने वळले. "साहेब, चूक माझी हाय. बाबा खरं बोलून राहिले. पथक आजच पाठवा."

सेक्रेटरी म्हणाले, "आधी हे बाहेर जाऊ देऊ नका."

पथक गेलं ते पुढच्या आठवड्यात. तोवर तांड्यावरच्या गोठ्यांत बैलांच्या अंगावर गाठी उठल्या होत्या. सरांच्या वडिलांचा पांढरा बैल पोळ्याच्या आधी गेला. पोळ्याला त्या खुंट्यापाशी झूल घडी करून ठेवलेली होती. कोणी ती उचलली नाही.

चौकशी झाली ती पोळ्याच्या आदल्या दिवशी. मी दारात उभी राहून ऐकली. अध्यक्ष म्हणाले, सेक्रेटरीला विचारा. सेक्रेटरी म्हणाले, पथकाला विचारा. पथक म्हणालं, आम्ही स्क्रीन बघितली, संगणकवाल्याला विचारा. प्रत्येकाचा अंगठा मागे. सगळ्यात मागे सर. त्यांच्यामागे कुणीच नव्हतं. ते म्हणाले, "व्हय, चूक माझी," आणि सगळे चहा प्यायला उठले.

सर आता कुठे आहेत कुणाला माहीत नाही. फोन वाजतो, उचलत नाहीत. मी तांड्यावर गेले तर वडील बाजेवर बसले होते. म्हणाले, "त्यानं चूक कबूल केली ना पोरी, म्हणून त्याच्या एकट्याचीच झाली." ते मी इथे जसंच्या तसं लिहिते आहे. या पत्रकाने सर परत येतील असं मला वाटत नाही.

सरांची चूक खरी होती. वडील संस्थेत आले त्याच संध्याकाळी ती त्यांनी दुरुस्त केली. आज प्रत्येक जनावराची पेटी आपापली आहे आणि संस्था त्याच प्रोग्रामवर चालते. पण एक म्हातारा समोर उभा राहून सांगत असताना तांड्यावर जाऊन एका बैलाच्या अंगाला हात लावायचं काम कुणाचं होतं? ते कोणी केलं नाही, आणि त्यांच्यातल्या एकाचीही छत्री बाहेर आलेली नाही.

सोमवारी सकाळी संस्था उघडायच्या वेळी पायरीवर या. दूध घालायला तर तुम्ही रोजच येता, त्या दिवशी किटली खाली ठेवा आणि अध्यक्ष, सेक्रेटरी, पथक, प्रत्येकाला विचारा: त्या आठवड्यात तांड्यावर का गेला नाहीत? कोणाचा अंगठा मागे गेला तर मागे बघू नका. त्याच्याच तोंडाकडे बघत उभे राहा.