तित्तराला उत्तर
लसूण काढायला त्या बांबूच्या पिंजऱ्यात हात घातला की मला अजून बाजरीच्या कोंड्याचा वास येतो. त्यात माझ्या सासऱ्यांचा तित्तर असायचा. पारोळ्याकडच्या माळावर तो पिंजऱ्यातून हाक द्यायचा, ती ऐकून रानातले तित्तर भांडायला धावत यायचे आणि सासऱ्यांनी लावलेल्या फाशांत अडकायचे. त्यांच्या वडिलांचीही हीच रीत. माझ्या नवऱ्याने मात्र फास कधी हातात घेतला नाही. शिकारबंदीच्या धास्तीने सासऱ्यांनीही फासे टाकून दिले, पण पाखरू ठेवलं. एका हिवाळ्यात ते म्हणाले, "चाल माय, याले माळ दखाडूत." माळ कुठला, जिकडेतिकडे कपाशी! मी पिंजरा बांधावर ठेवला. तित्तराने मान ताणून हाक दिली, पुन्हा दिली. विहिरीवरची मोटार तेवढी घरघरत होती. आणि बांधापलीकडून उत्तर आलं! मी हरखून पळत गेले, तर तिथे सासरेच तोंडापुढे हात धरून बसलेले, डोळे भरलेले. "बठ्ठा माळ नांगराई गया. आते कोन शे त्याले बोलाले? त्याले सांगू नको, माय." मग रोज सकाळी तित्तर अंगणातून हाक द्यायचा आणि ओट्यावरून सासरे उत्तर द्यायचे. सासरे गेले तरी तो हाका देतच राहिला. मी खूप प्रयत्न केला, पण तो आवाज मला काही जमेना, आणि एक दिवस त्याने हाक देणंच सोडलं. परवा लसूण घेताना माझ्या तोंडून तो आवाज अचानक निघाला, अगदी सासऱ्यांसारखा, आणि मी वेड्यासारखी पिंजऱ्याकडे बघत उभी राहिले.